बिघडल्याची खबर

लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराला मेमरी बिघडल्याचं कळायला पडद्याची गरज लागत नाही. संगणक चालू केला, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि यंत्र नुसतं बीप-बीप करत बसलं, की तो खोक्याचं झाकण काढतो, रॅमची पट्टी उपसतो, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासतो आणि पट्टी परत दाबून बसवतो. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, कारण दोष चिपेत नसून दातांवर चढलेल्या थरात असतो.

त्या बीपमध्ये या पुस्तकाचा विषय आहे. मेमरीला काहीतरी झालं, यंत्राला ते कळलं, आता ते कुणाला तरी सांगायचं आहे. यंत्र सुरू होतानाच असं झालं तर फारसं नुकसान नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अजून उठलेला नसतो, मेमरीत कुणाचं काही ठेवलेलं नसतं आणि आवाज ऐकायला माणूस हजर असतो. पण तीच पट्टी एखाद्या सर्व्हरमध्ये असेल, तो सर्व्हर लोअर परळला गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत महिनोन्‌महिने बंद न होता चालू असेल, आणि भर कामाच्या वेळी पट्टीतला एखादा बिट पलटला, तर? बीप ऐकायला तिथे कुणी नसतं. जे ऐकू शकतात ते सगळे सॉफ्टवेअरचे थर आहेत, आणि त्यांतल्या नेमक्या कुणाला सांगायचं हे ठरवणं दिसतं तितकं सोपं नाही. चूक ओळखण्याचं गणित १९५० पासून आपल्या हाती आहे. खबर योग्य ठिकाणी पोचवण्याची व्यवस्था मात्र अजून बांधली जाते आहे, आणि तिच्यातला सगळ्यांत कच्चा दुवा आहे डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत त्या गणिताला पानंच्या पानं मिळतात आणि या दुव्याला एखादी तळटीप. हे प्रमाण उलटं हवं, असं मला वाटतं.

मुंबईत संगणकाच्या मेमरीची गोष्ट जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं नामकरण केलं. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती: ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापात दहा किलोबाइट. एक कडं, एक बिट. वाचताना कड्यातली चुंबकीय दिशा पुसली जायची, म्हणून वाचून झालं की तीच पुन्हा लिहावी लागायची. आजच्या डीरॅममध्ये कड्याच्या जागी सूक्ष्म कॅपॅसिटर असतो आणि त्यातला विद्युतभार म्हणजे बिट. हा भार गळत राहतो. त्यामुळे मेमरीतली प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा नव्याने भरावी लागते आणि चिप ८५ अंशांच्या वर तापली तर त्याच्या दुप्पट वेगाने. आपण मेमरीत काहीतरी ‘ठेवलं’ असं म्हणतो. प्रत्यक्षात ते अखंड गळत असतं आणि अखंड भरलं जात असतं. एखाद्या बिटाच्या घराचं भरणं चुकलं, की चूक जन्माला आली.

याच संस्थेत त्याच काळात विश्वकिरणांवर संशोधन चालू होतं. संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांचं नाव जगभर झालं ते १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर मांडलेल्या विश्वकिरणांच्या वर्षावाच्या सिद्धांतामुळे. संस्थेचे शास्त्रज्ञ आकाशात फुगे सोडत होते, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणं मांडत होते. विश्वकिरण आणि संगणकाची मेमरी यांचा काही संबंध असेल असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. तो उघड झाला सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिलं की चिपेच्या वेष्टनातच युरेनियम-थोरियमचे अंश असतात आणि त्यांतून निघणारे अल्फा कण बिट पलटवतात. पुढच्याच वर्षी आयबीएमचे जेम्स झिग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी मांडलं की वेष्टन कितीही शुद्ध केलं तरी आकाशातून येणारे कण तेच काम करतील. २००३ मध्ये बेल्जियममधल्या शारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराच्या खात्यात ४०९६ मतं जास्तीची निघाली. आकडा अशक्य वाटला म्हणून पकडला गेला. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट शून्याचा एक झाला तर फरक पडतो तो बरोबर एवढाच. तपासात सॉफ्टवेअरची चूक सापडली नाही आणि संशय पलटलेल्या बिटावर येऊन थांबला.

मुंबईला या बाबतीत थोडा दिलासा आहे. शहर समुद्रसपाटीला, म्हणजे डोक्यावर हवेचा पुरता थर. शिवाय आपण भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत, त्यामुळे कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या बाहेर वळवतं. पण या दिलाशावर विसंबून झोपू नये. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि गुगलमधल्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या सर्व्हरांची आकडेवारी प्रसिद्ध केली. वर्षभरात साधारण दर तीन यंत्रांमागे एका यंत्रात निदान एक तरी दुरुस्त होण्याजोगी चूक दिसली होती, आणि १.३ टक्के यंत्रांत दुरुस्त न होणारी. सगळ्यांत महत्त्वाची नोंद पुढची: ज्या पट्टीत एकदा चूक झाली, तिच्यातच ती पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. आकाशातून येणारा कण अशी पट्टी निवडून पडत नाही. म्हणजे बहुतेक दोष पट्टीच्याच अंगचे. तेव्हा विश्वकिरणांची गोष्ट सांगायला सुरस असली, तरी कामाला येते ती ही नोंद, कारण वारंवार चुकणारं घर आधी ओळखता येतं आणि ओळखता येत असेल तर आधी सांगताही येतं.

चूक ओळखायची कशी, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मूळ बिटांबरोबर काही तपासणीचे बिट साठवतात. ६४ बिटांना ८ बिट जोडले, की एक बिट चुकला तर नेमका कोणता ते कळतं आणि तो जागीच दुरुस्त होतो. दोन चुकले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक झाल्याचं निश्चित कळतं. हीच ईसीसी मेमरी. लॅमिंग्टन रोडवर जुनी सर्व्हरची पट्टी कुणी दाखवली, तर तिच्या एका बाजूचे काळे चौकोन मोजा. साध्या पट्टीवर बहुधा आठ असतात. नऊ असले तर नववा तपासणीसाठी आहे. घरच्या संगणकात बहुधा आठच असतात, आणि म्हणून तिथे चूक झाली तरी कुणालाच कळत नाही. फोटोतला एक रंग बदलतो, फाइल उघडत नाही, आपण विंडोजला शिव्या देतो. डीडीआर-५ प्रकारच्या मेमरीत चिपेच्या पोटातच एक छोटी ईसीसी आली आहे आणि दुकानदार ती मोठ्या उत्साहाने सांगतात. पण ती दुरुस्ती आतल्या आत होते. प्रत्येक दुरुस्तीची वर्दी कर्नलपर्यंत येत नाही. पूर्ण रुंदीच्या ईसीसीची जागा ती घेऊ शकत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हरमध्ये चूक पकडली गेली की मेमरी कंट्रोलर ती नोंदवतो. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांत यासाठी खास रजिस्टरांच्या रांगा आहेत. चूक खरी आहे का, पत्ता माहीत आहे का, दुरुस्त झाली का, प्रोसेसरची स्वतःची स्थिती बिघडली आहे का, अशी सगळी माहिती त्यांत एकेका बिटात असते. चूक दुरुस्त झाली असेल तर साधी वर्दी जाते. दुरुस्त झाली नसेल तर अठराव्या क्रमांकाचा अपवाद उठतो, त्याला मशीन चेक म्हणतात. तो कधीही येऊ शकतो, कर्नल एखादं कुलूप (लॉक) हातात धरून बसलेला असतानासुद्धा. त्यामुळे त्या क्षणी कर्नलला दुसरं कुलूप मागता येत नाही, थांबता येत नाही, कुणाशी बोलता येत नाही. तो फक्त टिपून घेतो आणि उरलेलं काम नंतरसाठी रांगेत लावतो. ही अट लक्षात ठेवावी. ड्रायव्हरला खबर देण्यातली निम्मी गुंतागुंत तिच्यातून येते.

‘नंतर’ काय होतं? लिनक्समध्ये हे काम मेमरी फेल्युअर नावाच्या फंक्शनकडे आहे. अँडी क्लीन यांच्या पुढाकाराने ते २००९ च्या अखेरीस, २.६.३२ या आवृत्तीत आलं. त्याआधी दुरुस्त न होणारी चूक म्हणजे जवळजवळ नेहमी यंत्र बंद. या फंक्शनला मिळतो तो फक्त भौतिक पत्त्यावरून काढलेला पानाचा क्रमांक. त्यावरून ते ४ किलोबाइटचं पान शोधतं आणि त्यावर ‘विषारी’ अशी खूण मारतं.

दक्षिण मुंबईतल्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दर वर्षी पावसाळ्याआधी जुन्या उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ इथल्या रहिवाशांचं या यादीकडे लक्ष असतं. इमारत अजून उभी आहे पण भरवसा नाही, अशा वेळी राहणाऱ्यांना सामानासकट संक्रमण शिबिरात हलवता येतं. भिंत कोसळल्यावर मात्र फक्त किती वाचलं ते बघायचं. कर्नलमध्येही हे दोन मार्ग आहेत. दुरुस्त होणाऱ्या चुका एकाच पानात वारंवार दिसू लागल्या, तर त्यातला मजकूर दुसऱ्या पानात हलवून ते पान कायमचं रिकामं ठेवता येतं; कुणाचं काही जात नाही. चूक दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर त्या पानात जे होतं ते गेलं. आणि दोन्ही प्रसंगांत पहिला प्रश्न तोच, जो नोटीस घेऊन आलेल्या माणसाला पडतो: इथे राहतं कोण? मालक कागदावर एक, पागडी दुसऱ्याची, चूल तिसऱ्याची. नोटीस दारावर चिकटवून भागत नाही.

पानात कोण राहतं यावर पुढचं सगळं ठरतं. पान मोकळं असेल तर ते यादीतून काढून टाकायचं, संपलं. डिस्कवरच्या फाइलची न बदललेली प्रत असेल, तर प्रत फेकून द्यायची, लागेल तेव्हा डिस्कवरून पुन्हा वाचता येते. बदललेली पण अजून डिस्कवर न उतरवलेली प्रत असेल, तर ते बदल गेले. फाइल वापरणाऱ्याला पुढच्या वेळी चूक कळवायची. एखाद्या प्रोग्रॅमची खासगी मेमरी असेल, तर त्याला सिगबस हा सिग्नल पाठवायचा. तो बहुधा मरतो, पण शहाणा असला तर सावरतो. मोठे डेटाबेस आणि आभासी यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम सावरतात, कारण सिग्नलबरोबर बिघडलेला पत्ताही येतो. या प्रत्येक निकालाची एक ओळ कर्नलच्या नोंदवहीत पडते. तिच्यात शेवटी रिकव्हर्ड, डिलेड, फेल्ड किंवा इग्नोर्ड यांपैकी एक शब्द असतो.

‘इग्नोर्ड’ हा शब्द बहुधा एकाच ठिकाणी दिसतो: पान खुद्द कर्नलचं असेल तेव्हा. आणि ड्रायव्हरांनी घेतलेली बरीचशी मेमरी कर्नलच्याच खात्यावर असते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुस्तकाचा गाभा इथे आहे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घेऊ. तो येणाऱ्या पॅकेटांसाठी शेकडो पानं आधीच घेऊन ठेवतो आणि त्यांचे पत्ते कार्डाला देतो. त्यांतलं एक रिकामं पान बिघडलं, तर ड्रायव्हरच्या दृष्टीने ती क्षुल्लक गोष्ट आहे. कार्डाकडून तो पत्ता परत घ्यायचा, दुसरं पान द्यायचं. त्यात पॅकेट येऊन पडलं असेल, तर ते टाकून द्यायचं, पलीकडचा संगणक पुन्हा पाठवेल. पण ज्या पानात त्या पत्त्यांची यादीच आहे, ते बिघडलं तर कार्ड थांबवून पहिल्यापासून सुरू करावं लागेल. छायाचित्र टिपणाऱ्या उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये एक चौकट गेली तर गेली, पुढची येतेच आहे. मात्र तेच उपकरण एखाद्या इस्पितळात रुग्णाचं छायाचित्र घेत असेल, तर अर्धी चौकट गुपचूप पुढे जाणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. तीन पानं, तिन्ही कर्नलच्या लेखी सारखी. त्यांची किंमत माहीत असलेला एकच जण आहे, आणि नेमकं त्यालाच विचारायची सर्वसाधारण सोय नाही. कर्नल पानाला खूण मारतो, हात झटकतो, आणि पुढे कुणी ते पान वाचलंच तर यंत्र थांबतं.

दुसरी अडचण उपकरणाची. प्रोसेसरला मजकूर हलवता येतो, पण ज्या पानाचा पत्ता उपकरणाला देऊन ठेवला आहे ते हलवता येत नाही. उपकरणाला काही सांगितलेलं नसतं; ते जुन्या पत्त्यावर लिहीतच राहील. म्हणून अशी पानं खिळे ठोकल्यासारखी जागेवर असतात आणि वेळेवर स्थलांतर करण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुरता बंद होतो. ड्रायव्हरने ‘जरा थांब’ असं उपकरणाला सांगितलं तरच तो उघडेल.

हे करता येणारच नाही असं मात्र नाही. पीसीआय बसवर चूक झाली तर काय करायचं, याची पद्धत लिनक्सने कधीच बसवली आहे. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरांवरच्या गरजेतून ती आली. चूक दिसली की कर्नल ड्रायव्हरला विचारतो, आणि ड्रायव्हर उत्तर देतो: मी सावरतो, किंवा स्लॉट रिसेट करा, किंवा मला सोडून द्या. मग रिसेट झाल्यावर पुन्हा एकदा बोलावणं, शेवटी ‘चालू करा’ हा निरोप. म्हणजे संवाद. २००५ मध्ये आलेल्या सोलारिस १० ने तर ड्रायव्हरनेच आधी जाहीर करावं अशी रीत घातली की कोणत्या प्रकारचे दोष मी सांभाळू शकतो. ही रीत मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटते. चूक घडण्याच्या क्षणी नव्हे, तर यंत्र शांत असताना जबाबदारी ठरलेली असते.

मुंबईच्या बाजारांनी हा प्रश्न एकेकाळी वेगळ्या वाटेने सोडवला होता. राष्ट्रीय शेअर बाजार १९९४ मध्ये सुरू झाला तो स्ट्रॅटसच्या यंत्रांवर. दलाल स्ट्रीटवर १४ मार्च १९९५ ला ओरडून सौदे करण्याची पद्धत मोडीत काढणारी बोल्ट ही प्रणाली आली ती टँडमच्या यंत्रांवर. दोन्ही कंपन्यांचा धंदाच मुळी न थांबणारी यंत्रं विकण्याचा. टँडमची विचारसरणी कडक होती: ज्या घटकाला स्वतःबद्दल शंका आली त्याने ताबडतोब काम थांबवावं, आणि त्याचा जोडीदार, जो शेवटच्या नोंदीपर्यंतची माहिती राखून आहे, त्याने पुढे चालवावं. तिथल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात यावर एक निबंध लिहिला, तो आजही वाचनीय आहे. या व्यवस्थेत ड्रायव्हरला खबर देण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. अख्खा प्रोसेसरच बाजूला होतो, मग पान कुणाचं याला महत्त्व काय?

त्याला पैसे पडतात, आणि वेगही. पुढच्या वीस वर्षांत जगभरचे बाजार साध्या प्रोसेसरांकडे आणि लिनक्सकडे वळले. मुंबई शेअर बाजारानेही २०१३-१४ मध्ये जर्मनीच्या डॉइच बोर्सचं तंत्रज्ञान घेतलं. सौद्याचा वेळ मायक्रोसेकंदांत मोजायला लागल्यावर प्रत्येक पायरीला जोडीदाराची वाट पाहणं परवडत नाही. साध्या सर्व्हरातही मेमरीचा आरसा ठेवता येतो, पण निम्मी मेमरी त्यातच जाते, म्हणून फारसं कुणी ठेवत नाही. थोडक्यात, पूर्वी लोखंडाने उचललेला भार आता सॉफ्टवेअरच्या खबर-व्यवस्थेवर आला आहे. जुन्या टँडमवाल्यांना भेटा, ते याविषयी तासभर बोलतील आणि त्यातलं निम्मं तरी खरं असेल.

गेल्या काही वर्षांत ही व्यवस्था दोन ठिकाणी पुढे सरकली, आणि दोन्ही ठिकाणी कारण तेच: कर्नलच्या नेहमीच्या हिशेबात न बसणारी मेमरी. पहिली, वीज गेली तरी मजकूर राखणारी मेमरी. तिच्यावर फाइल-सिस्टिम थेट बसते, मधली प्रत नसते. तिथे एखादा पत्ता बिघडला तर दुसरी प्रत मिळणार कुठून? आणि एकाच जागेवर दोन-तीन फायली भागीदारीत असू शकतात. म्हणून २०२२ मध्ये अशी सोय झाली की मेमरी फेल्युअर त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला कळवतं, ड्रायव्हर वर बसलेल्या एक्सएफएस या फाइल-सिस्टिमला कळवतो, आणि एक्सएफएस आपल्या उलट्या नोंदवहीतून शोधून काढते की या जागेवर कोणत्या फायली आहेत आणि त्या कोण वापरत आहे. खबर पायरी-पायरीने वर जाते आणि प्रत्येक पायरी आपल्याला माहीत असलेलं तेवढं त्यात भरते. मला या रचनेत सौंदर्य दिसतं.

दुसरी, ग्राफिक्स प्रोसेसरची मेमरी. एनव्हिडियाच्या ग्रेस हॉपरसारख्या चिपांत ती सीपीयूच्या पत्त्यांच्या रांगेतच येते. सीपीयू तिला थेट वाचू-लिहू शकतो, तिच्यातल्या चुकांची वर्दीही कर्नललाच येते. पण आभासी यंत्राला ती जशीच्या तशी देऊन टाकली असेल, तर कर्नलकडे तिच्या पानांच्या नोंदीच नसतात. त्याच्या दृष्टीने ते निनावी पत्ते. मेमरी फेल्युअरला असा पत्ता मिळाला की ते पूर्वी ‘असं पान नाही’ म्हणून परत फिरायचं, आणि ज्याच्या हातात ती मेमरी होती त्याला पत्ताच नसायचा. यावर पुढे आलेला उपाय असा की ड्रायव्हरने आधीच नोंद करावी: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत माझं आहे, इथे काही झालं तर मला विचारा. मग ड्रायव्हर सांगेल की तो पत्ता कुणाच्या मेमरीत कुठे जोडला आहे, आणि कर्नल त्या प्रोग्रॅमला सिगबस पाठवील. आभासी यंत्र चालवणारा प्रोग्रॅम तो झेलून आतल्या कर्नलला कळवू शकतो. लाखो रुपयांच्या त्या चिपेवर चार जणांची कामं चालू असताना एकाच्या एका पानासाठी चौघांना घरी पाठवायचं, की फक्त त्या एकाला सांगायचं, हा हिशेब कुठल्याही व्यवस्थापकाला कळतो. हीच सोय साध्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला का नसावी, हा प्रश्न या पुस्तकाच्या उत्तरार्धात मी लावून धरला आहे. कर्नलच्या जाणकारांचा आक्षेप असा की शेकडो ड्रायव्हरांमध्ये क्वचितच चालणारा कोड घातला तर तोच नवी चूक होऊन बसेल. आक्षेप खरा आहे. कधीच न चालवलेला मार्ग ऐनवेळी चालत नाही.

म्हणून पुस्तकाचा मोठा भाग मुद्दाम चूक घडवून पाहण्याला दिला आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांतले विद्यार्थी आणि परळ-प्रभादेवीकडे सर्व्हरांची राखण करणारे तंत्रज्ञ हा वाचक माझ्या डोळ्यांसमोर होता. दादरच्या पुस्तकांच्या दुकानांत एमएस-सीआयटी आणि टॅलीची मराठी पुस्तकं मिळतात. त्यांच्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्याला लगेच इंग्रजीचा दरवाजा ठोठावावा लागतो. सी भाषा थोडीफार येत असेल तर हे पुस्तक वाचता येईल. हॅमिंगचं गणित एका प्रकरणात उरकलं आहे आणि विंडोजची पद्धत चार पानांत. तिची अंतर्गत रचना बाहेरून जेवढी दिसते तेवढीच सांगता येते. रो-हॅमर, म्हणजे मेमरीची एक ओळ सतत वाचून शेजारची ओळ मुद्दाम बिघडवण्याचा २०१४ मध्ये जाहीर झालेला हल्ला, हा खरं तर सुरक्षेचा विषय. त्याला आवश्यक तेवढीच जागा दिली आहे.

प्रयोग करताना एवढं पाहावं. ते स्वतःच्या आभासी यंत्रातच करावेत, कामाच्या सर्व्हरवर कधीही नाही. कर्नल बांधताना मेमरी फेल्युअर आणि हार्डवेअर पॉयझन इंजेक्टर हे दोन्ही पर्याय चालू असले पाहिजेत. तयार मिळणाऱ्या कर्नलांत दुसरा असेलच असं नाही. आधी एका साध्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पानावर, एम-अॅडव्हाइज या हाकेतून, रूट होऊन विष घालावं आणि सिगबस येतो का ते पाहावं. मग फाइलच्या पानावर, आणि ते जमलं की तिसऱ्या प्रकरणातल्या छोट्या ड्रायव्हरच्या पानावर. दर वेळी प्रॉक खालच्या मेमइन्फो फाइलमधली हार्डवेअर-करप्टेड ही ओळ वाचावी. निरोगी यंत्रात ती शून्य किलोबाइट दाखवते आणि प्रत्येक यशस्वी प्रयोगानंतर चाराने वाढते. ती वाढली नाही, तर आधी यंत्राकडे ईसीसी आहे की नाही याची चिंता करू नये. या प्रयोगाला खरी ईसीसी लागत नाही. इंजेक्टरला दिलेला आकडा पत्त्याचा आहे की पानाच्या क्रमांकाचा, ते तपासावं. हवा असतो तो पानाचा क्रमांक.